म्हातारपणाचा खरा कर

निवृत्तीनंतर कुठे राहायचं, या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर दिलं : पुणं. इंग्रजी अमदानीत मामलेदार, सबजज्ज, शाळाखात्यातले अधिकारी पेन्शन घेऊन इथे आले. डेक्कन जिमखान्यावर आणि एरंडवण्यात त्यांचे बंगले उठले. नंतर मुंबईत बँकांत आणि रेल्वेत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आली. लष्करातून निवृत्त झालेले कॅम्प, वानवडी, खडकीच्या आसपास स्थिरावले. ‘पेन्शनरांचं पुणं’ हे नाव त्यातून रूढ झालं. यांतल्या कुणी पुणं निवडताना प्राप्तिकराचा हिशेब मांडल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी हवा पाहिली, खडकवासल्याचं पाणी पाहिलं, हाकेच्या अंतरावरचा डॉक्टर, ग्रंथालय आणि पायी जाता येईल अशी मंडई पाहिली.

आज तोच प्रश्न पुण्यातल्या घरांत उलट्या दिशेने येतो. मुलगी टेक्सासात डॅलसला, मुलगा दुबईत. ‘बाबा, आमच्याकडे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, तुम्ही इकडेच या.’ कोथरूडचा फ्लॅट विकून त्या पैशांवर कुठे बस्तान बसवावं, याची चर्चा मग करापासून सुरू होते. माझं म्हणणं असं की ही चर्चा पहिल्याच पायरीवर चुकते. म्हाताऱ्या माणसाचे पैसे प्राप्तिकरात फार थोडे जातात. ते जिथे जातात ती दारं वेगळी आहेत, आणि एखादं राज्य वा शहर निवृत्तांसाठी चांगलं की वाईट हे त्या दारांशी उभं राहूनच कळतं.

अमेरिकेचं उदाहरण आधी घेतो, कारण राज्याराज्यांची तुलना तिथे खरोखर करता येते. केंद्राचा प्राप्तिकर सगळीकडे सारखा. त्यावर राज्यं आपापला कर लावतात किंवा लावत नाहीत. पगारावर आणि पेन्शनवर राज्याचा प्राप्तिकर न लावणारी राज्यं नऊ : अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डाकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. यांतल्या टेक्सास, फ्लोरिडा आणि वॉशिंग्टनमध्ये मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत.

पण सरकार चालवायला पैसा लागतोच, आणि तो कुठून तरी येतो. टेक्सासमध्ये तो घरातून येतो. घराच्या बाजारभावाच्या साधारण दीड-दोन टक्के मालमत्ता कर दरवर्षी भरावा लागतो. चार लाख डॉलरचं घर असेल तर सहा ते आठ हजार डॉलर झाले, मग तुमचं त्या वर्षीचं उत्पन्न काहीही असो. टेनेसीत विक्रीकर देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक आहे आणि किराण्यावरही राज्य चार टक्के घेतं. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकरही नाही, म्हणून सारा भार घरांवर. फ्लोरिडात राहत्या घराच्या करपात्र मूल्याच्या वाढीला दर वर्षी तीन टक्क्यांची मर्यादा आहे, पण चक्रीवादळांमुळे घराच्या विम्याचा हप्ता असा वाढला आहे की ती बचत तिथेच संपते. वॉशिंग्टनने तर मोठ्या भांडवली नफ्यावर २०२२ पासून सात टक्के कर लावला.

कराच्या न्याय्यतेचा अभ्यास करणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेने २०२४ मध्ये राज्यांची क्रमवारी लावली. गरिबांकडून उत्पन्नाच्या प्रमाणात सर्वांत जास्त आणि श्रीमंतांकडून सर्वांत कमी घेणाऱ्या राज्यांत पहिला क्रमांक फ्लोरिडाचा, मग वॉशिंग्टन, मग टेनेसी. तिन्ही प्राप्तिकर नसलेली. उलट पेन्सिल्व्हेनियात प्राप्तिकर आहे, पण निवृत्तीनंतरची पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी त्यातून वगळलेली. म्हणजे प्राप्तिकर नसलेल्या राज्यांच्या यादीत हे राज्य सापडणार नाही, आणि पेन्शनरला मात्र ते यादीतल्या कित्येकांहून परवडेल.

पुण्याहून अडुसष्टाव्या वर्षी ग्रीन कार्डावर जाणाऱ्या आईवडिलांसाठी तर ही यादी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यांची इथली पेन्शन आणि एफडीचं व्याज अमेरिकेच्या केंद्रीय करात मोजलं जातंच. आणि त्यांचा मोठा खर्च आजारपणाचा. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात शिरायला त्यांना सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, तिथे नोकरी केलेली नसल्याने हॉस्पिटलच्या भागासाठीही हप्ता भरावा लागतो. पहिली पाच वर्षं गुडघ्याचं ऑपरेशन वा हृदयविकाराचा झटका कशाच्या भरवशावर निभवायचा, हा प्रश्न डॅलसच्या घरात आधी विचारला जायला हवा.

आपल्याकडे ही तुलना घटनेनेच अशक्य केली आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार फक्त केंद्राला आहे. राज्याच्या हाती व्यवसाय कर, तोही वर्षाला कमाल २,५०० रुपये, आणि महाराष्ट्रात पासष्टी ओलांडलेल्यांना तोही माफ. त्यामुळे पुणं सोडून इंदूर, बेळगाव किंवा म्हैसूरला गेल्याने प्राप्तिकरात एक रुपयाही फरक पडत नाही. अपवाद सिक्कीमचा. १९७५ साली भारतात सामील झालेल्या या राज्यातल्या मूळ रहिवाशांना प्राप्तिकरातून सूट आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती विलीनीकरणापूर्वी तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांनाही लागू केली, आणि सिक्कीमबाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रियांना वगळणारी अट रद्द केली. पण ही सूट त्या भूमीच्या इतिहासातून आली आहे. आज गंगटोकला घर भाड्याने घेऊन राहिलेल्या पुणेकराला ती मिळत नाही, आणि ती मिळू नये हेच योग्य आहे.

एक मोठी गोष्ट मात्र घडून गेली आणि तिचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी भारतीयाला कर नाही. पेन्शनर असेल तर पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. शेअर्सच्या भांडवली नफ्याचा हिशेब वेगळा, तो सोडा. बँकेतून, विमा कंपनीतून, शाळा-कॉलेजातून, राज्य सरकारातून निवृत्त झालेल्या बहुसंख्य पुणेकरांचं उत्पन्न या रेषेच्या खाली आहे. प्राप्तिकर नसलेलं राज्य शोधायला त्यांना कुठे जायचं कारण उरलेलं नाही. ते सदाशिव पेठेत बसल्याजागी त्या राज्यात आले आहेत.

दुबईशी तुलना केली तर हे आणखी लख्ख दिसतं. तिथे पगारावर कर नाही, हे खरं. पण करातली ही बारा लाखांची सवलत फक्त निवासी भारतीयांसाठी आहे. दुबईत राहणाऱ्या मुलाला औंधच्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरओ खात्यातल्या ठेवींचं व्याज मिळून भारतात बारा लाखांचं करपात्र उत्पन्न असेल, तर नव्या प्रणालीत त्याला साठ हजार रुपये कर आणि वर उपकर भरावा लागेल. त्याच उत्पन्नावर औंधमध्येच राहणाऱ्या त्याच्या वडिलांना शून्य. शिवाय आखातात पंचवीस वर्षं काढूनही परदेशी कामगाराला तिथलं सरकार पेन्शन देत नाही, नागरिकत्व जवळजवळ कुणालाच मिळत नाही. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी निवृत्ती व्हिसा आहे, पण पाच वर्षांचा, आणि त्यासाठी दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा बचत यांसारख्या अटी. आखातातली मराठी माणसं कमावतात तिकडे आणि म्हातारपणाला परततात पुण्याकडे, ती कराचं गणित चुकलं म्हणून नव्हे. आजारी पडल्यावर कुणाच्या तरी परवानगीवर राहावं लागू नये म्हणून ती परततात.

आणि ज्यांचा प्राप्तिकराशी जन्मात संबंध आला नाही, त्यांचं काय? भोसरी, पिंपरी, चिंचवड, हडपसरच्या कारखान्यांत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या हजारो कामगारांना ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली आणि दशक उलटून गेलं तरी तीच आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला ही माणसं जातात, ती या रकमेसाठी. करसवलतीच्या प्रत्येक घोषणेनंतर ज्येष्ठांना दिलासा मिळाल्याच्या बातम्या छापून येतात. त्या बातमीतल्या ज्येष्ठांत ही माणसं नसतात. आयकर न भरणाऱ्याला आयकराची सूट देता येत नाही. त्याला द्यायची गोष्ट म्हणजे प्यायचं पाणी, चढता येईल अशी बस आणि परवडेल असं हॉस्पिटल. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत बंद केली, साठीपुढच्या पुरुषांची चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या स्त्रियांची पन्नास टक्के. करोना संपून वर्षं झाली, ती परत आलेली नाही. माझ्या मते सोलापूरहून रेल्वेने येणाऱ्या वृद्धांसाठी ही माघार नव्या करप्रणालीच्या सगळ्या लाभाहून जड होती. याउलट ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि त्याचा परिणाम कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर उभं राहिलं की दिसतो.

पाण्याकडे येतो, कारण पुण्यातल्या निवृत्तांची सर्वांत मोठी फसगत तिथे होते. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. शहराच्या मध्यात घर परवडत नाही म्हणून निवृत्तीचे पैसे घेऊन लोक या कडेच्या गावांत फ्लॅट घेतात. किंमत कमी, हवा मोकळी, बिल्डरच्या माहितीपत्रकात ज्येष्ठांसाठी बाकं आणि मंदिर. राहायला गेल्यावर कळतं की पाणी टँकरचं आहे. उन्हाळ्यात सोसायटीचा मेंटेनन्स टँकरमुळेच फुगतो, आणि तो प्रत्येक सभासदाला भरावा लागतो, पेन्शन किती हे कुणी विचारत नाही. सरकारी कागदावर याला कुठे कर म्हणत नाहीत. पण न चुकवता येणारं, दर महिन्याला वसूल होणारं, उत्पन्नाशी काहीही नातं नसलेलं हे देणं मला करांतला सर्वांत कठोर कर वाटतो.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या परिसरात, गिया बारे सिंड्रोमची साथ आली. रुग्णांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली. या आजारात हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, उपचारांचा खर्च लाखांत. संशय दूषित पाण्यावर गेला. तिथल्या काही भागांना शुद्धीकरण प्रकल्पातून न गेलेलं, नुसतं क्लोरीन टाकलेलं विहिरीचं पाणी मिळत होतं. खडकवासला धरण तिथून डोळ्यांना दिसतं. अशा ठिकाणी राहून कुणी करात वर्षाला वीस हजार वाचवले, तर त्या वाचवण्याला मी बचत म्हणणार नाही. शुद्ध पाणी एकट्याने विकत घेता येत नाही. ते नळातून आणायला हजारो घरांचा कर एकत्र यावा लागतो.

राज्याची हद्द म्हाताऱ्या माणसाला खरोखर कुठे आडवी येते, तेही कोकणात गेलं की कळतं. पुण्या-मुंबईहून निवृत्त होऊन सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याकडे मूळ घरी परतणारे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीची घरपट्टी पुण्याच्या मानाने नगण्य. पण मेंदूत रक्तस्राव झाला तर रुग्ण पिढ्यान् पिढ्या जातो गोव्याच्या बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लावलं आणि सिंधुदुर्गात खळबळ उडाली. गोव्याची बाजू मला समजते, हॉस्पिटल त्यांच्या करदात्यांच्या पैशांवर चालतं. महाराष्ट्राने इतकी वर्षं सिंधुदुर्गाच्या म्हाताऱ्यांना शेजारच्या राज्याच्या हॉस्पिटलवर टाकून दिलं, हा खरा दोष. दोन राज्यांची निवृत्तांसाठी तुलना करायची तर ती इथे करावी : रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर रुग्णवाहिका किती वेळात येते, आणि ती कुठल्या दारात नेते.

लष्करातले निवृत्त लोक अजून पुण्याला येतात ते याच हिशेबाने. कमांड हॉस्पिटल आहे, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे दवाखाने आहेत. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना त्यांच्या सीजीएचएस आरोग्ययोजनेची केंद्रं आहेत. औषध मिळायची खात्री असलेल्या गावात माणूस म्हातारा व्हायला तयार होतो.

आता मिळकतकर. पुण्यातल्या पेन्शनरकडून थेट घेतला जाणारा मोठा कर आज हाच उरला आहे, आणि महापालिकेच्याही हातात स्वतःचं म्हणून फार काही उरलेलं नाही. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ मध्ये बहुतेकांसाठी गेली, २०१७ च्या जीएसटीनंतर भरपाईचं अनुदान सरकारकडून येतं. रस्ते, दिवे, सांडपाणी, कमला नेहरू रुग्णालय, सगळ्याचा आधार मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून पुण्यात चाळीस टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर राज्य सरकारने २०१८ मध्ये ती रद्द केली, लोक चिडले, आणि २०२३ मध्ये ती परत आली. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयांत लागलेल्या रांगांत पांढऱ्या केसांची माणसंच जास्त होती.

सवलत परत आली याचा मला आनंद आहे, पण तिच्या रूपाशी माझं भांडण आहे. प्रभात रस्त्यावरच्या बंगल्याला चाळीस टक्के आणि धनकवडीतल्या वन रूम किचनलाही चाळीस टक्के. रुपयांत पाहिलं तर बंगल्याला मिळणारी सूट अनेक पटींनी मोठी. दुसरीकडे, बंगल्यात एकटी राहणारी ऐंशी वर्षांची विधवा श्रीमंत असेलच असंही नाही. तिच्याकडे घर आहे, हातात पैसा नाही. कौटुंबिक पेन्शन आणि थोडं व्याज यांवर ती जगते. करपात्र मूल्य वाढत गेलं की बिल वाढतं, आणि थकलं की दरमहा दोन टक्के शास्ती, वर्षाला चोवीस. घर विका आणि निघा, हे तिला सांगायला कुणी धजावत नाही, पण बिल तेच सांगतं. आणि मोठे थकबाकीदार वाट पाहत बसतात, कारण काही वर्षांनी शास्ती माफ करणारी अभय योजना येतेच. २०२० मध्ये ती आली होती. मे महिन्यात वेळेवर जाऊन कर भरणाऱ्या पेन्शनरचा हा अपमान आहे.

या ठिकाणी प्राप्तिकर नसलेल्या त्याच टेक्सासकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे पासष्टी झालेल्याला आपल्या राहत्या घराचा कर पुढे ढकलता येतो. तो ती व्यक्ती त्या घरात राहते तोवर साठत जातो, त्यावर वर्षाला पाच टक्के व्याज, आणि घर वारसांकडे किंवा गिऱ्हाइकाकडे गेलं की सगळा एकदम वसूल होतो. जप्ती नाही, नोटिसांची भीती नाही. सरकारचा पैसाही बुडत नाही, कारण तो घरावरच उभा असतो.

पुण्यात हे करून पाहा. समजा वर्षाचा कर अठरा हजार आहे आणि तो पंधरा वर्षं साठला, तर मुद्दल दोन लाख सत्तर हजार. पाच टक्के सरळ व्याजाने देणं साधारण साडेतीन ते पावणेचार लाखांत बसतं. आजच्या शास्तीच्या दराने तेच सव्वासात लाखांवर जातं. कोथरूड किंवा कर्वेनगरमधल्या कुठल्याही फ्लॅटच्या किमतीपुढे पहिली रक्कम किरकोळ आहे, ती वारसाने भरावी. महापालिकेला काही वर्षं रोख कमी येईल, हे मान्य. पण अभय योजनेत सोडून दिलेल्या शास्तीच्या तुलनेत हा पैसा सोडलेला नाही, फक्त थांबवलेला आहे, आणि आपल्या महापालिका कायद्यातही मिळकतकराचा बोजा मिळकतीवर पहिला धरला जातो. चाळीस टक्क्यांची सूट मग मोठ्या बंगल्यांसाठी कमी करता येईल आणि त्यातून येणारे पैसे कडेच्या गावांच्या जलवाहिन्यांना आणि पदपथांना देता येतील. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बाकं झाल्यावर तिथे संध्याकाळी काठी टेकत चालणारी माणसं दिसू लागली. तसा पदपथ धायरीत किंवा उंड्रीत का नसावा, याला पैशाखेरीज दुसरं उत्तर मी ऐकलेलं नाही.

ज्येष्ठ नागरिक संघ पुण्याच्या जवळजवळ प्रत्येक भागात आहेत, त्यांच्या महासंघाचं जाळं राज्यभर आहे, आणि मतदानाला हीच पिढी आवर्जून जाते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकांच्या हाती होती, तेव्हा या मागण्या घेऊन कुणाकडे जायचं हेच कळत नव्हतं. चाळीस टक्क्यांसाठी या संघांनी जो जोर लावला, तो कर पुढे ढकलण्याच्या सोयीसाठी लावावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. मुख्य सभेत ठराव आणि राज्य सरकारची मान्यता, असा रस्ता आहे. सुरुवात पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकच घर असलेल्या आणि त्याच घरात राहणाऱ्यांपासून करता येईल.